तासाभराच्या अंतरावर दादा

जबलपूरच्या डुमना विमानतळावरून विमान उडालं की तासाभरात बिलासपूरला उतरतं. हे वाक्य मी मधल्या काळात इतक्या लोकांना ऐकवलं आहे, की आता ते तोंडातून आपोआप येतं. नागपूरच्या मावशीला फोनवर ऐकवलं. बँकेतल्या लोकांना जेवणाच्या सुट्टीत ऐकवलं. शेजाऱ्यांना हिंदीत ऐकवलं. बायकोला तर रोजच. दादाला सगळ्यात शेवटी सांगितलं, आणि ते मनापासून खरं मानलं ते फक्त त्यानं.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. लहानपणी कसलासा ताप डोक्यात गेला आणि त्याची समज सात-आठ वर्षांच्या मुलाएवढीच राहिली, असं आई सांगायची. मला तो आधीचा आठवायचं कारण नाही. मी पाहिला तो असाच, अंगानं मोठा, शर्टाचं वरचं बटणही लावलेला, हसताना तोंडावर हात धरणारा. मी त्याला दादा म्हणतो आणि तो मला छोट्या म्हणतो. माझे केस पिकले तरी तेच. बँकेतल्या एका साहेबांसमोर त्यानं मला तशी हाक मारली तेव्हा मला लाज वाटली होती. तेही लिहून टाकतो.

आकडे दादाला कळत नाहीत, पण नियम कळतात. एकदा कळलेला नियम तो कधी मोडत नाही. आईनं त्याला पुष्कळ नियम शिकवले होते, त्यातला एक त्याच्यात सगळ्यात खोल रुतला. घरातलं माणूस प्रवासाला निघालं, त्याच्या हातावर दही पडलं आणि ते फाटकाबाहेर गेलं, की घरात केर काढायचा नाही. ते माणूस जिथे जायचं तिथे पोचेपर्यंत झाडूला हात लावायचा नाही. वडील असताना ते नागपूरला जायचे, तेव्हा आई घड्याळाकडे बघून अंदाज बांधायची आणि गाडी लागली असेल असं वाटलं की मग दादाला म्हणायची, "हं, लाव आता झाडू." कारण झाडणं हे दादाचं काम होतं. दुसरं कुठलंही काम त्याला पुरतं जमत नसे. हे मात्र तो असं करायचा की फरशीवरून तळहात फिरवावा तर काही लागू नये. पलंगाखाली पार आडवा होऊन झाडायचा. त्यामुळे नियम पाळायचा तो त्यानं आणि मोडायचा अधिकारही त्याचाच. कोणी प्रवासाला निघालं की तो झाडू आपल्या उशीखाली ठेवून द्यायचा.

पुढे मला बँकेच्या कामासाठी कधी मुंबई, कधी दिल्ली असं विमानानं जावं लागायचं. उतरलो की पहिला फोन घरी. बायको उचलायची आणि न बोलताच दादाच्या कानाला लावायची.

"दादा, पोचलो."

"पोचला काय? पक्का?"

"पक्का. काढ केर."

मागून बायकोचा आवाज यायचा, "चला, साहेबांचं विमान उतरलं. आता आम्हाला स्वच्छ घरात राहायची परवानगी मिळाली." ती मूळची नागपूरची, बोलायला तिखट. पण ती चिडायची नाही. उलट एकदा विमानाला फार उशीर झाला, तेव्हा पाहुणे यायचे असूनही तिनं घर तसंच ठेवलं होतं. पाहुण्यांना म्हणाली, "बसा, पाय वर घेऊन बसा. आमचे हे अजून हवेत आहेत."

दादाला किलोमीटर माहीत नव्हते. कोणतं गाव किती लांब, हे तो घर किती वेळ न झाडलेलं राहतं त्यावरून ठरवायचा. नागपूर म्हणजे फार लांब, कारण वडिलांच्या वेळी दुसऱ्या दिवशीपर्यंत झाडता यायचं नाही. मुंबई त्याच्या मते नागपूरपेक्षा पुष्कळ जवळ होती. तिथे चहाच्या वेळेला केर निघायचा. माझी मुलगी लहान असताना त्याच्याशी यावरून भांडायची. ती मराठी समजते, पण बोलते हिंदीत. "काका, मुंबई दूर है. मैप में देखो." तो नकाशाकडे बघायचाही नाही. "काहून दूर? दुपारी तर झाडून राहिलो होतो मी."

आई गेली त्या दिवशी मी तिला घेऊन नर्मदेवर, ग्वारीघाटाच्या स्मशानात गेलो होतो. घरी काय झालं ते मला बायकोनं नंतर सांगितलं. तिरडी बाहेर पडल्याबरोबर शेजारच्या बायकांनी घर झाडायला घेतलं. दादानं एकीच्या हातातून झाडू ओढला. "आई पोचली नाही अजून," म्हणाला. "फोन नाही आला." सगळ्या थांबल्या. मग शेजारच्या एका म्हाताऱ्या काकूंनी त्याला जवळ बसवून समजावलं, की बाबा, जो परत येणार असतो त्याच्या मागून झाडत नाहीत. जो परत येणार नाही त्याच्या मागून लगेच झाडतात, घर धुतात. म्हणून आपण झाडतो आहोत. मग दादानं स्वतःच उठून सगळं घर झाडलं. बायको म्हणाली, "रडलेसुद्धा नाहीत. कोपरे काढले त्यांनी सगळे."

तेव्हा मला ते ऐकून बरं वाटलं होतं. समजलं त्याला, असं वाटलं.

आईच्या मागे काही वर्षं ठीक गेली. मग बायकोच्या पाठीचं ऑपरेशन झालं, आणि त्याच सुमाराला दादा घराबाहेर पडायला लागला. आमचं घर महाराजपुरात. तो तिथून निघायचा आणि चालत राहायचा. एकदा सदरच्या बाजारात एका मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर सापडला. एकदा पाटणच्या रस्त्यावर, ट्रकच्या गर्दीत. कुठे चालला होतास म्हटलं तर सांगता यायचं नाही. एकदा गॅस उघडा राहिला. मुलगी तेव्हा बारावीत होती आणि हॉलमध्ये, टीव्हीशेजारी बसून अभ्यास करायची, कारण दोन खोल्यांतली एक दादाची होती.

बायको कधी म्हणाली नाही की त्याला पाठवा. ती एवढंच म्हणाली, "मी थकले हो." ते मी ऐकलं आणि पुढचं सगळं मी केलं. लोकांना मात्र मी असं सांगत आलो की बायकोची पाठ, मुलीची बारावी. माझं नाव त्यात कुठे नसायचं. खरं असं आहे की बँकेतून घरी येताना आमच्या गल्लीच्या वळणावर माझे पाय जड व्हायचे. आज काय झालं असेल, हा एकच विचार. मला ते नको झालं होतं.

बिलासपूरला अशा मोठ्या माणसांना ठेवून घेणारी एक संस्था आहे असं कळलं. मी जाऊन बघून आलो. स्वच्छ होती, झाडं होती, माणसं प्रेमानं बोलत होती. आजही मला तिच्याबद्दल वावगं काही म्हणायचं नाही. अडचण अंतराची होती. मावशी म्हणाली, "अरे, परक्या गावात टाकतो काय त्याला?" त्या संध्याकाळी मी मोबाईलवर दोन्ही विमानतळांची नावं घातली आणि मधलं अंतर विचारलं. सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आसपास. उडण्याचा वेळ तासाभराच्या आत-बाहेर. मी ते बायकोला दाखवलं. दोघांनाही एकदम हलकं वाटलं. तास म्हणजे काय! दुपारच्या गर्दीत महाराजपुराहून सदरला जाऊन भाजी आणायची तर तेवढा वेळ जातो.

ते विमान आठवड्यातले मोजकेच दिवस असतं, हे मी मावशीला सांगितलं नाही. ही छोट्या गावांमधली विमानं कधी सुरू होतात, कधी बंद पडतात, हे मला बँकेत बसून चांगलं माहीत होतं. तेही नाही सांगितलं.

दादाला मी म्हटलं, "आपण विमानानं जायचं."

त्यानं तोंडावर हात धरला. "मी पण?"

"तू पण. तिथे तू राहशील. मी येत जाईन भेटायला. एक तास लागतो फक्त."

"एक तास म्हणजे केवढा?"

मी विचार करून म्हटलं, "आई पूजेला बसायची ना, तेवढा."

"हात्, मग तर जवळच आहे," दादा म्हणाला. आणि लगेच, "तेवढा वेळ झाडू नाही लावायचा माझ्या खोलीत. मग लावायचा."

आता जे लिहायचं ते मी बायकोशीही नीट बोललेलो नाही. दादाची खोली रिकामी झाल्यावर ती रंगवून मुलीला द्यायची असं ठरलं होतं. परीक्षा जवळ आली होती. रंगाऱ्यानं निघायच्या दिवशीचीच सकाळ दिली, नंतर लग्नसराईची कामं आहेत म्हणाला. मी हो म्हटलं. बायकोनं विचारलंसुद्धा, "त्याच दिवशी? तुम्ही पोचायच्या आधी?" मी म्हटलं, "आता काय तेवढं घेऊन बसायचं." ती माझ्याकडे बघत राहिली. मी विसरलो होतो असं तिला वाटलं असावं. मी विसरलो नव्हतो.

निघायच्या दिवशी बायकोनं दोघांच्याही हातावर दही घातलं. दादानं ते चाटलं, हात पँटला पुसला आणि झाडू नेऊन आपल्या उशीखाली ठेवला. "वहिनी," तो बायकोला म्हणाला. ती त्याच्याहून लहान, पण तो तिला पहिल्या दिवसापासून वहिनीच म्हणतो. "वहिनी, फोन येईल. मग काढा."

"हो भाऊजी," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

आमची गाडी कोपऱ्यावर वळताना मी मागे पाहिलं. रंगाऱ्याची सायकल फाटकाशी उभी होती, कॅरिअरला बादली बांधलेली. दादा पुढे बघत होता.

डुमन्याला आम्ही किती वेळ बसलो ते मी मोजलं नाही, पण उडण्याला लागला त्याहून तो जास्त होता. दादा प्रत्येक माणसाला नमस्कार करत होता. तपासणीच्या शिपायानं त्याला हात वर करायला सांगितले, तर त्यानं ते आरतीला जोडतात तसे जोडून वर केले. शिपाई हसला, "बस बस, दादा, हो गया." दादाला वाटलं याला आपलं नाव माहीत आहे. फार खूश झाला.

विमान छोटं होतं, पंख्यांचं. मी त्याला खिडकी दिली. वर गेल्यावर नर्मदा दिसली, मग जंगल, मग नुसतं जंगल. त्यानं माझा हात घट्ट धरला होता, पण घाबरून नाही. दर थोड्या वेळानं विचारायचा, "आईची पूजा झाली असेल?" मी म्हणायचो, "होऊन राहिली." एकदा म्हणाला, "आता नैवेद्य दाखवून राहिली असेल." आणि खरोखर, तो तसं म्हणाला आणि विमान खाली यायला लागलं.

बिलासपूरच्या चकरभाठा विमानतळावर उतरल्याबरोबर त्यानं माझ्या खिशाकडे बोट केलं. "फोन लाव. पोचलो म्हण. झाडू उशीखाली आहे म्हण."

मी फोन लावला. बायकोनं उचलला. तिच्या मागे भिंतीवर पॉलिश पेपर घासल्याचा खर्र खर्र आवाज येत होता. मी दादाला फोन दिला नाही, स्वतःच्या कानाला दाबून धरला.

"पोचलो," मी म्हटलं. "दादा म्हणतो, आता केर काढायला हरकत नाही."

ती म्हणाली, "बरं."

"काय म्हणाली वहिनी?" दादानं विचारलं.

"आता काढते म्हणाली."

दादा हसला. त्याच्या हिशेबात सगळं जिथल्या तिथे होतं.

संस्थेत त्याला एक पलंग, एक कपाट, मागच्या बागेकडे उघडणारी खिडकी मिळाली. तिथली व्यवस्था बघणारी एक बाई होती, सगळे तिला दीदी म्हणायचे. निघताना मी दादाला म्हटलं, मी घरी पोचलो की फोन करतो. त्यानं मान हलवली आणि खोलीतला झाडू उचलून पलंगावर, उशीजवळ नेऊन ठेवला. दीदीला गंमत वाटली. मी तिला काही समजावलं नाही. मला परतीचं विमान पकडायचं होतं.

डुमन्याला उतरलो. फोन सुरू केला. मग म्हटलं, घरी गेल्यावर करू. घरी आलो तर दारातच रंगाचा वास. दादाची खोली फिकट हिरवी झाली होती. पलंग गच्चीवर काढून ठेवला होता, गादी कठड्यावर उन्हात होती. गादीशेजारी झाडू पडला होता, त्याच्या टोकांना हिरवा रंग लागून ती वाळून ताठ झाली होती. मी फोन हातात घेतला आणि मला करता येईना. तो विचारेल, खोली झाडली? मग मी काय सांगू? उद्या करू म्हटलं. दुसऱ्या दिवशी बँकेत ऑडिट होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही काहीतरी होतं. असं होत गेलं.

मग दीदीचा फोन आला. "भैया, आपके भाई साहब कमरे में झाड़ू नहीं लगाने दे रहे. झाड़ू लेकर बैठे हैं. खाना खाते हैं, सोते हैं, पर झाड़ू नहीं छोड़ते. बोलते हैं, छोट्या पहुँचा नहीं. ये छोट्या कौन है?"

"मैं हूँ," मी म्हटलं.

तिनं त्याला फोन दिला. मी म्हटलं, "दादा, पोचलो."

"तू तर एक तास सांगून राहिला होता."

"विमानाला उशीर झाला."

"एवढा?"

"एवढा."

"खाल्लं काय तू विमानात?" तो म्हणाला. मला एवढ्या दिवसांत विमानात काही खायला मिळालं की नाही, याची त्याला काळजी पडली होती. मी म्हटलं, खाल्लं. मग त्यानं विचारलं, "माझी खोली झाडली होती ना, आपण पोचल्यावर?"

"पोचल्यावरच," मी म्हटलं.

"आधी नाही ना?"

"आधी कशी झाडतील? तू परत यायचा आहेस ना."

"हो न," दादा म्हणाला. मला मागे झाडूचा आवाज आला. बोलता बोलताच त्यानं सुरुवात केली होती.

सुरुवातीला मी विमानानं दोनदा जाऊन आलो. प्रत्येक वेळी डुमन्याला उतरल्या उतरल्या फोन केला, सामान यायच्या आधी. प्रत्येक वेळी तो तेच विचारायचा, माझी खोली आधी नाही ना झाडली, आणि मी तेच सांगायचो. नंतर ते विमान बंद झालं. रेल्वे होतीच, पण रेल्वेनं जवळजवळ अख्खा दिवस किंवा अख्खी रात्र जाते. सुट्ट्या, बायकोची पाठ, मुलीची कॉलेजची ॲडमिशन. माझं जाणं कमी कमी होत गेलं. लोकांना मात्र मी अजून तेच सांगत होतो, तासाभराचं तर अंतर आहे.

मागच्या वर्षी आईच्या तिथीला मी दादाला चार दिवस घरी आणायचं ठरवलं. खरं म्हणजे बायकोनं ठरवलं. "त्यांना आणा," ती म्हणाली. "आईंच्या पानाला त्यांनी नमस्कार करायला हवा. आणि खोली बघू दे त्यांना. किती दिवस लपवणार?"

मी बिलासपूरला गेलो आणि आम्ही दोघं दिवसाच्या गाडीनं परत निघालो. पेंड्रा रोड यायच्या आधीच दादा उठून उभा राहिला आणि पिशवी खांद्याला लावली.

"अजून वेळ आहे, दादा."

"एक तास झाला."

"ही रेल्वे आहे. रेल्वेला वेळ लागतो."

तो बसला. अनुपपूरला पुन्हा उठला. शहडोलला उठला नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. समोरच्या बाकावर उमरियाला जाणारा एक गृहस्थ होता, तो गमतीनं म्हणाला, "अंकल को बड़ी जल्दी है घर की." दादानं त्याला नीट सांगितलं, "घर एक घंटा है. आज गाड़ी धीरे है." कटनी आली तेव्हा दिवस कलला होता. दादा खिडकीला डोकं लावून बसला होता. तो खूप वेळानं म्हणाला, "छोट्या, हे तर नागपूरपेक्षा लांब आहे."

मी पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

घरी बायकोनं दारात त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मुलगी धावत आली. "काका, आप मेरे बेड पे सोना, मैं हॉल में सो जाऊँगी." ती ते खरंच प्रेमानं म्हणाली. पण ते म्हणताना ती त्याला त्याच्याच खोलीत घेऊन गेली. दादानं हिरव्या भिंती पाहिल्या, मुलीचं टेबल, भिंतीवर चिकटवलेले कागद. पलंगाची जागा बदलली होती. तो उशीपाशी गेला आणि उशी उचलून खाली बघितलं. खाली मुलीचे इअरफोन होते. त्यानं उशी परत ठेवली, सरळ केली.

"छान आहे," तो म्हणाला. "रंग छान आहे."

चार दिवस तो चांगला राहिला. तिथीला सोवळं नेसून पानाला नमस्कार केला. बायकोच्या हातची वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. "वहिनी, तिकडे वांगी कच्चीच ठेवतात." बायको हसली आणि मग डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. त्यानं एकदाही बाहेर जायचा प्रयत्न केला नाही. एकदाही विचारलं नाही की मी इथेच राहू का. मी त्या प्रश्नाची वाट बघत होतो. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, हे मला आजही माहीत नाही. कदाचित नाही म्हटलं असतं. पण त्यानं विचारावं असं मला फार वाटत होतं.

निघायच्या दिवशी बायको दही घेऊन आली. दादा हॉलमध्ये नव्हता. तो खोलीत झाडत होता. पलंगाखाली आडवा होऊन, टेबलाच्या पायांमधून, दाराच्या मागे. सगळा केर दाराशी आणला, सुपडीत भरला, बाहेर टाकून आला.

"भाऊजी, अहो राहू द्या ना," बायको म्हणाली. "मी नाही झाडत. तुमचा फोन येईपर्यंत मी हात पण नाही लावत, शपथ."

"झालं," दादा म्हणाला. झाडू त्यानं दाराच्या मागे उभा करून ठेवला. मग हात पुढे केला दह्यासाठी.

गाडीत मी स्वतःला समजावत होतो की सवय आहे त्याची. झाडणं हे त्याचं कामच. इतके दिवस करायला मिळालं नव्हतं, म्हणून केलं. निघायच्या आधी झाडलेलं चालतं, निघाल्यावर नको, एवढाच तर नियम. परत जाताना तो एकदाही पिशवी घेऊन उठला नाही. बिलासपूर आलं तेव्हा मीच त्याला हलवून उठवलं. घरी फोन लाव असं तो म्हणाला नाही, आणि मीही लावला नाही.

दादाला सोडून मी संध्याकाळच्या गाडीनं निघालो आणि सकाळी जबलपूरला उतरलो. फलाटावरूनच फोन लावला. दीदीनं उचलला.

"दादाला द्या जरा," मी म्हटलं. घाईत मराठीतच बोलून गेलो.

दादा आला. मी म्हटलं, "दादा, पोचलो."

"अच्छा," तो म्हणाला.

मी थांबलो. खोलीबद्दल तो विचारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं, आणि या वेळी ते खरं होतं. बायकोनं खरंच घर झाडलं नव्हतं, मी पोचेपर्यंत. तो विचारेना, तेव्हा मीच म्हटलं, "दादा, आता तू काढ केर तुझ्या खोलीत."

"झाला," तो म्हणाला आणि फोन दीदीकडे दिला.

दीदी खूश होती. तिला बिचारीला काय माहीत. "भैया, इस बार बिल्कुल तंग नहीं किया. आप कल गेट से निकले, और इन्होंने तुरंत झाड़ू उठाकर पूरा कमरा साफ़ कर दिया. पोंछा भी लगाया, अपने आप. आप तो स्टेशन भी नहीं पहुँचे होंगे."

मी तिचे आभार मानले. फलाटावर गर्दी होती, हमाल अंगावरून जात होते, मी मध्येच उभा होतो. घरी आलो तेव्हा बायको दारात वाट बघत होती. आत फरशीवर आम्ही निघालो तेव्हाच्या पावलांची माती तशीच होती.

"बोललात? पोचले ना ते नीट?" तिनं विचारलं. "काढू आता?"

मी तिला काही सांगितलं नाही. काढ म्हटलं.